दारावरची दोरी

यादम्मा फाटकापाशीच थांबली. दहा वर्षांत ती कधी फाटकापाशी थांबली नव्हती. तरातरा आत यायची, आधी चहा मागायची आणि मग भांड्यांना हात लावायची. आज मात्र पदराचा बोळा तोंडाशी धरून ती घराच्या दाराकडे डोळे फाडून पाहत होती.

"आत ये की गं. रात्रीची भांडी तशीच पडलीत," कुसुमताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडल्या.

"नक्को अम्मा. मैं नै आती. चेतबडी बांधलीय दारावर, चेतबडी!"

चेतबडी म्हणजे करणी, एवढं तेलुगू हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या चाळीस वर्षांनी कुसुमताईंना शिकवलं होतं. हातातलं लाटणं तसंच घेऊन त्या बाहेर आल्या.

दाराच्या चौकटीवर एक दोरी आडवी बांधलेली होती. पेंढ्याची, हाताने वळलेली, आणि तीही उलट्या पिळाची. कुसुमताई उदगीरकडच्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या. दोरीचा पीळ त्यांना लांबून कळायचा. पेंढा परवा गावाहून आलेल्या आंब्यांच्या पेटीतला होता. दोरीत तीन कोळसे अडकवले होते आणि मधे मधे शेजाऱ्यांच्या कुंडीतल्या ख्रिसमसच्या झाडाचे डहाळे खोचले होते.

कोळसे पाहिले आणि कुसुमताईंना सगळा उलगडा झाला. काल दुपारी त्यांच्या विहीणबाई कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापुढे दोन्ही हात पसरून उभ्या होत्या. अख्खी गल्ली बघत होती. मग काळे हात घेऊन घरी आल्या आणि पांढऱ्याशुभ्र बेसिनची वाट लावली.

"करणी कसली डोंबलाची! आमच्या विहीणबाईंचा प्रताप आहे हा," कुसुमताई म्हणाल्या आणि त्यांचा पारा सकाळी सात वाजताच चढायला लागला.

तसा तो गेले पंधरा दिवस चढलेलाच होता. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी. सुनेचं माहेर कोरियात, बुसानच्या पलीकडच्या कुठल्याशा खेड्यात; म्हणून माहेरच उठून हैदराबादला आलं. इथवर कुसुमताईंची काही म्हणजे काही तक्रार नव्हती. मुलगा संदेश तिकडे सहा वर्षं नोकरीला होता, मिंजीला घेऊन परत आला, तेव्हा चार दिवस रडून झाल्यावर त्यांनीच पुढे होऊन सुनेची ओटी भरली होती. पण सून वेगळी आणि सुनेची आई वेगळी!

बाई दारात आल्या त्या पहिल्या दिवशी नाव नाही, गाव नाही, प्रवास कसा झाला नाही. पहिला प्रश्न काय, तर तुमचं वय किती? मधे उभ्या राहिलेल्या संदेशने तो जसाच्या तसा मराठीत करून सांगितला, गाढवाने. कुसुमताई सहासष्ट, विहीणबाई चौसष्ट. हिशेब लागला तशा बाई कमरेत वाकल्या आणि एक भलंमोठं गाठोडं दोन्ही हातांनी पुढे केलं. वर सुरेख रेशमी कापड, वर फुलासारखी गाठ. कुसुमताईंनी मोठ्या कौतुकाने गाठ सोडली. आत संडासात वापरायच्या कागदाची तीस भेंडोळी आणि कपडे धुवायच्या पावडरीचे दोन डबे!

"आई, तिकडे पहिल्यांदा कुणाच्या घरी गेलं की हेच देतात," संदेश घाईघाईने म्हणाला होता. "भेंडोळं सरसर उलगडतं तशी घरातली कामं सुरळीत व्हावीत. पावडरीचा फेस येतो तशी बरकत यावी."

"आमची बरकत साबणावाचून अडली नव्हती," कुसुमताई म्हणाल्या होत्या, पण हसून, कारण पाहुणी समोर उभी होती.

जेवणाचं तर विचारूच नका. पाहुणीचं पोट भरल्याशिवाय कुसुमताई पानावर बसत नसत, आणि घरातल्या थोर बाईने पहिला घास घेतल्याशिवाय विहीणबाई घास उचलत नसत. पहिल्या दिवशी ही वाढते आणि थांबते, ती बसते आणि थांबते. अर्धा तास गेला. वरण गार, भात गार. शेवटी कुसुमताईंचे यजमान नामदेवराव म्हणाले, "अगं, खा बाई एक घास, मला भूक लागलीय." त्या दिवसापासून कुसुमताई रोज उभ्या उभ्या एक शीत तोंडात टाकत, आणि मग जेवणं सुरू होत.

आणि ते सूप! बाळंतिणीला डिंकाचे लाडू नाहीत, हळिवाची खीर नाही. सकाळ-दुपार-संध्याकाळ समुद्रातल्या शेवाळाचं हिरवंगार, बुळबुळीत सूप. घरभर मासळीबाजाराचा वास. कुसुमताईंनी बेगम बाजारातून निवडून आणलेला डिंक डब्यात पडून होता. विहीणबाईंनी मिंजीच्या खोलीतला पंखा बंद केला, तिच्या कानाला रुमाल बांधला, पायात मोजे घातले आणि थंड पाण्याला हात लावू दिला नाही, तेव्हा मात्र कुसुमताई मनात म्हणाल्या, चला, एवढं तरी शहाणपण आहे. पण ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.

तर आता ही दोरी. कुसुमताईंनी ती दोन वेळा नीट पाहिली. दारावर काळं काहीतरी टांगलंय, मधे हिरवं खोचलंय. मग ही दृष्टीची माळच की! फक्त बाईंना ती अर्धीच येते. कोळसा कळला, मिरची कळली नाही. राग होताच, पण आपल्याला जे येतं ते दुसऱ्याला धड येत नाही हे पाहून माणसाला जो हुरूप येतो तोही आला. परवा बारसं. एकशेदहा माणसं येणार, नाना तऱ्हेच्या नजरा. दारावर अर्धवट माळ कशी चालेल?

घरात हिरव्या मिरच्या नव्हत्या. कुसुमताईंनी गुंटूरच्या सात लालभडक वाळक्या मिरच्या आणि एक लिंबू आणलं, लाटणं काखेत धरून स्टुलावर चढल्या आणि सगळं नीट ओवून टाकलं.

"आता ये गं आत. आता पुरी झाली," त्यांनी सांगितलं. यादम्माने माळ खालून वर न्याहाळली, हात जोडले आणि ती निमूट आत गेली.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. कुसुमताईंची थोरली लेक अपर्णा हिमायतनगरहून आली होती, दोन्ही हातांत बारशाच्या सामानाच्या पिशव्या. पाळण्याला बांधायच्या झालरी, घुगऱ्यांचे हरभरे, साखर, नारळ. कपाळावरचा घाम खांद्याला पुसत ती पायऱ्या चढली आणि दोरीखालून वाकून आत शिरणार, एवढ्यात आतून विहीणबाई आल्या. एका हातात सुपाचा वाडगा होता. दुसरा हात त्यांनी सरळ अपर्णाच्या छातीसमोर आडवा धरला आणि मान हलवली. नाही!

अपर्णा एक पाय उंबऱ्यात, एक पाय बाहेर, अशी थबकली.

कुसुमताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या लेकीला? माझ्या दारात? त्या तोंड उघडणार तोच विहीणबाईंची नजर वर गेली. मिरच्या दिसल्या. बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. वाडगा धाडकन खाली आपटून त्यांनी दोन्ही हातांनी त्या मिरच्या ओरबाडल्या. लिंबू गडगडत पायऱ्यांवरून खाली गेलं. काहीतरी मोठमोठ्याने बोलत, डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत त्या आत गेल्या आणि पाठोपाठ बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"अगं बाई, दृष्टीच्या मिरच्या ओरबाडून फेकल्या! लिंबू पायदळी!" कुसुमताई किंचाळल्या. "संदेश! अरे ए संदेश! बाहेर ये आधी!"

संदेश कानात यंत्र खुपसून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसला होता. तो बाहेर आला, सासूचा आवाज ऐकला, आईचं तोंड पाहिलं, आणि लहानपणापासून जे करत आला तेच केलं.

"काही नाही गं आई. त्यांना मिरचीची अॅलर्जी आहे."

"अॅलर्जी?" कुसुमताईंनी कमरेवर हात ठेवले. "वर्षाचं तिखट पंधरा दिवसांत अर्ध्यावर आणलं त्या बाईने! सकाळी नाश्त्याला मिरचीची चटणी चमच्याने खाते! कुणाला सांगतोस रे हे?"

"आई, प्लीज. नाऊ इज नॉट द टाइम. इश्यू नको करूस."

"मी इश्यू करते? माझी लेक उंबऱ्यात उभी आहे पिशव्या घेऊन, परक्या बाईने तिला माझ्या घरात येऊ दिलं नाही, आणि मी इश्यू करते?"

"असू दे आई," अपर्णा म्हणाली. तिने पाय मागे घेतला होता आणि पिशव्या ओसरीवरच्या बाकावर ठेवल्या होत्या. "मी बसते इथं. वारा छान आहे." वारा अजिबात नव्हता. मे महिना होता.

मग मिंजीच बाहेर आली. कानाला रुमाल, पायात लोकरी मोजे, दहा दिवसांची लेक छातीशी. सुनेचं मराठी तुटकं होतं, पण ते ती नवऱ्याच्या भित्रेपणाला कंटाळून शिकली होती, त्यामुळे सरळ होतं. आपल्या आईला ती ओम्मा म्हणे.

"आई, ओम्मा बॅग भरते. मला आणि बाळाला घेऊन जाणार. गच्चीबावलीला एक सर्व्हिस अपार्टमेंट आहे, तिथे. गाडी बोलावली. अर्ध्या तासात येते."

कुसुमताईंनी बाळाकडे पाहिलं. पोरगी दहा दिवसांची. तिच्या पायांचे तळवे अजून गुलाबी होते, रात्री दोन्ही आज्यांच्या मधे झोपायची. ती या घरातून जाणार? बारसं व्हायच्या आधी?

"माझं चुकलं काय ते तरी कळू दे," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना हवा होता तेवढा चढला नाही.

"आमच्या गावात बाळ आलं की दारावर अशी दोरी लावतात. आता शहरात कुणी नाही लावत. ओम्मा गावाची आहे. दोरी आहे तोपर्यंत बाहेरचं माणूस आत येत नाही. रोज येणारी यादम्मा चालते. एकवीस दिवस."

"एकवीस? अगं, परवा बारसं आहे!"

मिंजीने नवऱ्याकडे पाहिलं. "संदेश म्हणाला, बारसं एकवीस दिवसांनंतर. आई हो म्हणाली."

आता कुसुमताईंनीही पाहिलं. अपर्णाने ओसरीवरून पाहिलं. नामदेवरावांनीसुद्धा वर्तमानपत्र खाली केलं. संदेश मोबाइलकडे बघत होता.

"म्हणजे मला सांगितलंस बारावा दिवस, आणि तिला सांगितलंस एकविसावा?" कुसुमताई म्हणाल्या. "दोघींना हो? तोंड आहे की दुतोंडी मांडूळ?"

"मला वाटलं, होईल मॅनेज," संदेश पुटपुटला.

"आणि मिरच्या?" अपर्णाने बाहेरून विचारलं. "त्यांचं काय?"

मिंजीने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "मुलगा झाला तर कोळसा आणि लाल मिरची. मुलगी झाली तर कोळसा आणि पाइनचा डहाळा. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतं. तुम्ही मुलीच्या दोरीला मिरच्या लावल्या. ओम्मा म्हणते, या घराला मुलगी नको आहे. लाज वाटते, म्हणून मुलगा झाला असं दारावर लिहिलं."

मग संदेशला आपल्या आईची बाजू घ्यायची हुक्की आली. तो आतल्या दिशेने मोठ्याने कोरियनमध्ये काहीतरी म्हणाला. आतून आलेलं उत्तर आधीच्यापेक्षा दुप्पट मोठं होतं.

"आता काय सांगितलंस तिला?" कुसुमताईंनी विचारलं.

"सांगितलं की आई तशी नाही. आईने तर मुलगी झाली तेव्हा मुलाचे पेढे वाटले."

"आणि?"

"त्या म्हणतात, बघा! मिठाईतसुद्धा खोटं बोलले."

कुसुमताईंना हसावं की आपलं कपाळ बडवावं ते कळेना. मुलगी झाली की बर्फी, मुलगा झाला की पेढे, हे उदगीरला काय आणि हैदराबादला काय, सगळ्यांना ठाऊक. म्हणून तर त्यांनी नऊ किलो पेढे केले होते! गल्लीत घरोघर स्वतः जाऊन दिले होते, आणि "मुलगा झाला वाटतं?" म्हणणाऱ्या प्रत्येकीला ठणकावून सांगितलं होतं, "नाही, मुलगी. पेढेच खा." चाळीस वर्षं मनात धरलेली गोष्ट त्यांनी त्या दिवशी पुरी केली होती. आणि आज त्याच पेढ्यांनी त्यांच्यावर आळ आणला होता.

"हा आळ माझ्यावर?" त्या कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या. "माझ्यावर?"

"मिंजी," अपर्णा ओसरीवरून म्हणाली, "ओम्माला सांग. माझ्या वेळी गावच्या घरी बर्फीसुद्धा वाटली नाही. पेढ्यांची ऑर्डर दिली होती, मुलगी झाली कळल्यावर परत फिरवली. आज्जी पाच दिवस आईशी बोलली नाही. शेजाऱ्यांना सांगितलं, सून अजून दवाखान्यात आहे. म्हणून आईने पेढे केले. तिला काही लपवायचं नव्हतं."

ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की कुसुमताईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षांची लेक. हे तिला कुणी सांगितलं? त्यांनी तर कधीच नाही.

मिंजी आत गेली. आतले आवाज खाली आले, मग थांबले. ती परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"आम्ही तिघी बहिणी," ती म्हणाली. "मी तिसरी. पहिलीच्या वेळी दोरी लावली. दुसरीच्या वेळी लावली. माझ्या वेळी आजीने लावली नाही. ओम्माने मागितली, आजी म्हणाली, कोळसा वाया जातो. हे मला आज कळलं, आई. म्हणून पेंढा मिळाला तशी काल तिने स्वतः दोरी वळली. तिचे हात बघा, सोललेत."

"मग गाडी?" कुसुमताईंनी विचारलं.

"ती म्हणते, तुम्ही चांगल्या आहात, पण घराचं माहीत नाही. घरात बाकीची माणसं पण असतात."

बाकीच्या माणसांपैकी एक नेमकं त्याच वेळी फाटकातून आत आलं. नामदेवरावांचे थोरले भाऊ हिम्मतराव, धोतराचा सोगा हातात, मागे रिक्षावाला त्यांची बॅग घेऊन. बारशासाठी ते उदगीरहून दोन दिवस आधीच निघाले होते. वय पंचाहत्तर, आवाज मात्र अजून गावच्या चावडीतला.

"काय करलालीस कुसुम? समदे दारात कशामुळं जमलेत?" ते म्हणाले. "आन ही पोरगी बाहेर का बसली?"

अपर्णाने उठून नमस्कार केला आणि मोठ्यांना सांगावं तसं सगळं सांगून टाकलं. सुनेच्या गावची रीत, एकवीस दिवस, कोळसा म्हणजे काय, डहाळा म्हणजे काय, मिरची म्हणजे मुलगा. हिम्मतरावांनी दोरीकडे पाहिलं. मग त्यांचं लक्ष पायरीवर विखुरलेल्या मिरच्यांकडे गेलं. ते वाकले, दोन मिरच्या उचलल्या आणि खो खो हसले.

"मग काढल्या कशाला? लटकव की गं परत! या खेपेला राहू दे, पुढल्या खेपेला तरी गुण येईल. काय नामदेव? पहिली बेटी झाली, होते. रड्याचं काय त्यात."

आणि मिरच्या पुढे करून ते दोरीखालून वाकायला लागले.

कुसुमताई लग्न होऊन आल्या तेव्हापासून या माणसासमोर त्यांनी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. यानेच गावच्या हलवायाकडे माणूस पाठवून पेढ्यांची ऑर्डर परत फिरवली होती. आणि दुसऱ्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीच्या दारात येऊन, आत पाऊलही न टाकता, "होते, होते" असंच म्हणाला होता. त्या वेळी त्यांनी अंगावरचं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं होतं. आज पांघरूण नव्हतं. हातात लाटणं होतं, सकाळपासून तसंच.

ते लाटणं त्यांनी दाराच्या चौकटीला आडवं धरलं.

"भाऊजी, आत यायचं नाही."

हिम्मतराव वाकलेले तसेच राहिले. "काय म्हणलीस?"

"एकवीस दिवस बाहेरच्या माणसाने या दारातून आत यायचं नाही. आमच्या घरची रीत आहे."

"तुमच्या घरची? ही कोण्या घरची रीत? परदेशातली थेरं!"

"कालपासून माझ्या घरची. आणि परदेशातली म्हणून नाव ठेवू नका. आपल्या घरची रीत मला ठाऊक आहे की! ऑर्डर कोणी परत फिरवली ते ठाऊक आहे. आम्हा मायलेकींना पाच दिवस दवाखान्यात ठेवल्याचं खोटं कोणी पसरवलं ते ठाऊक आहे. एकेचाळीस वर्षं गिळलं मी. आता तुम्ही माझ्या नातीच्या दारात उभं राहून 'होते' म्हणायचं नाही. मिरच्या खाली ठेवा."

"नामदेव!" हिम्मतराव गरजले. "ऐकलालास का? तुझी बायको मला दारातून हाकलून लावलालीय!"

नामदेवराव खुर्चीतून उठले. सगळ्या आयुष्यात त्यांनी थोरल्या भावापुढे "हौ दादा" सोडून दुसरा शब्द काढलेला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तिनं सांगितलंय ना, दादा," ते म्हणाले. "अपर्णाकडे उतरा. हिमायतनगर जवळच आहे. मी सोडायला येतो."

हिम्मतरावांनी मिरच्या पायरीवर टाकल्या. रिक्षावाला अजून पैशांसाठी उभाच होता. त्याच्याच रिक्षात ते पाय आपटत बसले. नामदेवराव चपला घालून त्यांच्या शेजारी बसले, आणि रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत थोरल्या भावाचा आवाज ऐकू येत राहिला.

कुसुमताईंनी लाटणं खाली ठेवलं. त्या वळल्या. मागे विहीणबाई उभ्या होत्या, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बाळाची दुपटी. त्यांना शब्द एक कळला नसणार. पण एक म्हातारा आत शिरत होता आणि कुसुमताईंनी त्याला लाटणं आडवं घालून परत पाठवलं, हे कळायला भाषा लागत नाही. त्यांनी मिंजीला काहीतरी विचारलं.

"कोण होते विचारते," मिंजी म्हणाली.

"सांग, घरातलं बाकीचं माणूस होतं."

मिंजीने सांगितलं. विहीणबाईंनी बॅग खाली ठेवली. गाडीवाल्याचा फोन आला तेव्हा त्यांनी तो संदेशच्या हातात दिला, आणि संदेश पंधरा दिवसांत पहिल्यांदा एक खरं वाक्य बोलला: "नक्को भाई, कोई नहीं जा रहा."

"आणि तू," कुसुमताई त्याला म्हणाल्या, "तो फोन खाली ठेवू नकोस. एकशेदहा माणसांना तूच सांगायचं, बारसं पुढे गेलं म्हणून. खरं कारण सांगायचं. मी ऐकतेय."

मग त्या पायऱ्या उतरल्या आणि पदर खोचून थेट कोपऱ्यावर गेल्या. इस्त्रीवाला त्यांना येताना पाहून आधी बिचकला. परत आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर दोन कोळसे होते.

"हे पण बांधायला सांग," त्या मिंजीला म्हणाल्या. "हा एक तुझा. हा एक अपर्णाचा."

"आई, असं नसतं," मिंजी गोंधळली. "दोरी बाळासाठी असते. मोठ्या माणसाचा कोळसा लावत नाहीत. नियम..."

"नियम गेला खड्ड्यात. तुमच्या दोघींच्या वेळचं राहून गेलेलं आहे ना? मग बांध म्हणावं."

मिंजीने आईला सांगितलं. विहीणबाईंनी कुसुमताईंच्या तळहाताकडे पाहिलं. मग थोर माणसाकडून काहीही घेताना करत तसंच, दोन्ही हात पुढे करून, किंचित वाकून त्यांनी ते कोळसे घेतले. स्टूल ओढलं. कुसुमताईंनी स्टूल धरलं. उलट्या पिळात बोट घालून एक एक कोळसा त्यांनी घट्ट बसवला. आता पाच झाले.

ओसरीवर अपर्णाने घाम पुसला आणि पिशव्या उचलल्या. "चला, मी निघते. घरी काकांच्या चहापाण्याचं बघायला हवं. झालरी इथे ठेवते, यादम्माकडून आत घ्या."

"निघते काय? जेवून जा."

"आत यायचं नाही ना पण," अपर्णा हसून म्हणाली. हसणं नीट जमलं नाही. "बाहेरच्या माणसांनी एकवीस दिवस... मी तर लग्न होऊन गेलेली. मी बाहेरचीच."

कुसुमताईंनी तिच्या हातातल्या पिशव्या ओढून घेतल्या. त्यांच्या बोटांचा काळा ठसा लेकीच्या मनगटावर उमटला.

"बाहेरची?" त्या कडाडल्या. "वर बघ आधी. तुझा कोळसा दारावर आहे. आत ये मुकाट्याने, वरण गार होतंय."